येडशीची जिन

सोलापूरच्या एका क्लबात मी तेव्हा बटलर होतो. निजामाच्या मुलखात, येडशीजवळ, एका जहागीरदारांचा शिकारीचा तळ पडला होता. त्यांच्या इंग्रज पाहुण्यासाठी जिनच्या चार बाटल्या घेऊन मला धाडलं. कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या रेल्वेनं सकाळी येडशीला पोचलो. रामलिंगाच्या देवळाकडची झाडी बघत उतरलो आणि पेटी हातातून निसटली. चारही बाटल्या फुटल्या. दोष माझाच होता.

साहेब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. तोवर इथंच जिन गाळून घ्यायची ठरवली; टांगेवाल्यानं मला गंगूबाईंच्या मोहाच्या भट्टीवर नेलं. जिनचा मुख्य वास अभलचा (देवदारासारख्या झाडाचं सुकं फळ), हे मला ठाऊक होतं. पोटाच्या औषधासाठी ठेवलेलं ते गावातल्या हकिमांकडं मिळालं.

"लायसन निस्त्या मोहाचं हाय," गंगूबाई म्हणाल्या. "मसाला घातल्याचं कळलं तर भट्टी जाईल. माजं नाव कुठं घेऊ नका."

मी शब्द दिला.

पहिल्या धारेला ओव्याचाच वास. "ही बाळंतिणीला द्यावी लागेल," मी म्हणालो. त्या हसल्या. दुसऱ्या खेपेला ओवा चिमूटभर, धने जास्त, मिरे आणि कढीलिंबाची पानं. त्या स्वतः पीत नसत; तळहातावर थेंब चोळून हुंगत. मी घोट घेतला. आधी अभलचा हिरवट कडूपणा, मग धन्याची ऊब. जमली होती.

तळावर मी ती माठाच्या पाण्यात दिली, पेल्याच्या काठाला लिंबू आणि मीठ लावून. सोबत हुरडा आणि लसणाची चटणी. साहेबानं कंपनी विचारली. जहागीरदारांनी डोळ्यांनीच मला विलायती नाव घ्यायला सुचवलं.

"बाटल्या माझ्या हातून फुटल्या, साहेब. ही इथलीच आहे. करणाऱ्याचं नाव सांगता येत नाही."

जहागीरदार लाल झाले. "उद्या पहिल्या गाडीनं चालते व्हा!"

साहेबानं मात्र रिकामा पेला पुढं केला.

सकाळी स्टेशनच्या वाटेवर भट्टीशी थांबलो.

"पिला का सायेब?"

"पुन्हा मागितली. कंपनी विचारली. तुमचं नाव मी घेतलं नाही."

"लई बरं केलं." त्या जाळ सारू लागल्या. मग हात थांबला. "बसा. समदं सांगा, पयल्यापासनं."

मी बसलो. पहिली गाडी गेली. दुपारच्या गाडीत वाटलं, इतकी वर्षं पेले भरले, पण एखाद्या घोटाची तारीफ तो करणाऱ्या माणसापर्यंत पोचवली ती एवढी एकदाच.