एकोणिसावं झाकण

मंगळवारी सकाळी साडेअकराला कार्यालयातला फोन वाजला तेव्हा मी आतल्या पानावरच्या एका बातमीचा मथळा बसवत होतो. पलीकडून दत्तारामच्या मरोळच्या कारखान्यातले फोरमन बोलत होते. "तुमचा दत्ता गेला. कामावर असतानाच... डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं." मी सवयीने समोरच्या कागदावर नाव, वय, ठिकाण लिहिलं आणि विचारलं, "किती वाजता?" ते म्हणाले, "साडेनऊ." तेही लिहिलं. मग लांबलेल्या मथळ्यातला एक शब्द काढला, पान पुढे दिलं आणि मरोळला निघालो. याला आता सहा आठवडे होतील. तो कागद माझ्या खणात आहे. त्यात चूक नाही.

दत्ताराम आणि मी नाहूरच्या एका चाळीत, लागून असलेल्या खोल्यांत वाढलो. मी वर्तमानपत्रात उपसंपादक झालो, तो लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगारी. त्याने लग्न केलं नाही. घरात आई आणि तो, दोघंच. आईला मी काकी म्हणतो. त्याचे वडील मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. बावीस वर्षं एकच गाडी... गोल पाठीची, दोन दारांची, विलायती बनावटीची. डॉक्टर मुलाकडे परदेशी राहायला गेले तेव्हा ती वडिलांना देऊन गेले. वडिलांनी ती चाळीच्या मागे जांभळाखाली आणून लावली आणि तो पावसाळा संपायच्या आत ते वारले. काकी त्या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या. डॉक्टरांची होती तेव्हा ड्रायव्हरच्या बायकोने बसायचा प्रश्नच नव्हता. त्या डबा द्यायला बंगल्यावर जात तेव्हा वडील फडकं घेऊन गाडी पुसत असत, तेवढीच त्यांनी पाहिलेली. पुढे आठ वर्षं ती ताडपत्रीखाली राहिली. रंग उडून चुन्यासारखा पांढुरका झाला.

दोन वर्षांपूर्वी दत्ताने ताडपत्री काढली आणि आईला म्हणाला, "तुला हिच्यात बसवतो की नाही बघ." काकी म्हणाल्या, "तेंच्या वेळच्या रंगाची झाली तर बसान. ह्या पांढऱ्या भुताक मी हात पण लावचंय नाय." दत्ताने ते मनावर घेतलं. मी विचारलं, "अरे, पण चालणार आहे का ही?" तो म्हणाला, "चालायचं नंतर. आधी दिसू दे." तेव्हापासून त्याचे रविवार त्या जांभळाखाली गेले आणि बरेचसे माझेही. मी मास्किंगला, म्हणजे रंग नको तो भाग झाकायला, जुनी वर्तमानपत्रं नेत असे. तो पत्रा ठोकून सरळ करी, खड्ड्यांत लांबी भरी; मला पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर देऊन घासायला बसवी. "घासा संपादक, घासा. तुमच्याकडे नाहीतरी दुसऱ्याचं लिहिलेलं घासायचंच काम."

चूक माझी झाली. एका रविवारी तो खिळे आणायला भांडुपला गेला होता. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा जुना रंग तेवढा राहिला होता. बाकी सगळी गाडी उघड्या पत्र्यावर आली होती. आमच्या टेबलावर एक रीत आहे : कुणाचं थोडं काम उरलेलं दिसलं की त्याला न विचारता पुरं करून टाकायचं. मी ते पुरं केलं. दत्ता परत आला, डिकी उघडली आणि त्या घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. तो रंग त्याने नमुना म्हणून ठेवला होता. ऊन न लागलेली तेवढीच जागा उरली होती, असं तो म्हणाला.

"दत्त्या, मला वाटलं राहून गेलंय..."

"वाट लावलीस ना यार." मग म्हणाला, "बरं, घासलास तूच. कसा होता सांग."

"हिरवट," मी म्हणालो. याहून नेमकं मला काही सांगता आलं नाही. त्यालाही नाही. लहानपणापासून पाहिलेली गाडी, पण रोज कपाटांना दोनच रंग मारून त्याच्या डोळ्यांत तेच दोन रंग बसले होते, असं तो म्हणायचा.

मग उरल्या काकी. दत्ता रंग मिसळायचा, डब्याच्या झाकणावर मारायचा आणि उन्हात वाळवायचा. ओला रंग खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं. वाळला की झाकण घेऊन तो आईपुढे पायरीवर बसे. मागे खिळ्याने आकडा कोरलेला असे. काकी झाकण हातात धरून दूर नेत, जवळ आणत. "ह्यो नाय रे झिला. ह्यो शाळेच्या भिंतीचो." पुढच्या रविवारी, "ह्यो तुझ्या कपाटांचो." कंटाळून दत्ता म्हणाला, "अगं मग कसला, ते तरी सांग ना!" काकी म्हणाल्या, "हळदीच्या पानाची पाठ असता मा, तसो." श्रावणात मी मुलुंडच्या बाजारातून हळदीची पानं आणून दिली. त्यानंतरचीही सहा झाकणं त्यांनी परत केली. एकोणिसावं मात्र त्यांनी दूर धरलं, जवळ आणलं आणि मांडीवर ठेवून घेतलं. परत दिलंच नाही. "ह्योच," एवढंच म्हणाल्या.

कारखान्याचा रंग फवारायचा कंप्रेसर फोरमननी एका रविवारपुरता टेम्पोतून पाठवला. मला त्या दिवशी ड्यूटी होती. संध्याकाळी पोचलो तेव्हा काम झालं होतं. दत्ता पायरीवर चहा घेत होता. मी गाडी झकास झाली म्हणालो. त्याने ते मनावर घेतलं नाही. विचारलं, "तुमच्या पेपरात छापून झाल्यावर चूक कळली, तर काय करता रे?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो."

"आणि वाचणाऱ्याला ते चुकीचंच आवडलेलं असलं तर?"

"तरी छापतो."

"कठीण आहात बाबा," तो हसून म्हणाला. मला वाटलं, माझ्या डिकीवरच्या पराक्रमावरून टोमणा आहे. काकी आतून म्हणाल्या, "कधी बसूचा मग?" तो म्हणाला, "रंग मुरू दे पंधरा दिवस. नंबर प्लेट लावतो, मग बस. बिननंबरी गाडीत आईला बसवणार नाही." तो नवव्या दिवशी गेला.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी काकींकडे गेलो. मागची नंबर प्लेट कपाटावर होती. काळ्यावर पांढरे आकडे त्याने स्वतः काढले होते, ते वाळले होते. काकी म्हणाल्या, "तेवढा लाव बाबा." मी दोन स्क्रू आणि पेचकस घेऊन मागे गेलो. प्लेटच्या जागी वर्तमानपत्राचा तुकडा चारी बाजूंनी डकवलेला होता. आमच्याच अंकाचा. तो सोलून काढला. खाली जुना रंग होता, ऊन न लागलेला. रंग मारायच्या रविवारी गंजलेली जुनी प्लेट काढली तेव्हाच दत्ताला तो दिसला असणार. कडा सरळ होत्या. जागा चुकून राहिलेली नव्हती. मी खाली बसून दोन्ही रंग पाहिले. हिरवाच, पण जुना एक पायरी गडद, निळ्याकडे झुकणारा. माझ्यासारख्याला शेजारी शेजारी ठेवूनच कळेल इतका फरक. त्याच्या कामात एवढ्या फरकाला कपाट परत पाठवतात. कंप्रेसर हातात होता, दिवस हातात होता... आणि त्याने आईचा रंग मारला.

मी प्लेट त्यावर बसवली. दोन्ही स्क्रू घट्ट केले.

काकी भिंतीला हात लावत मागे आल्या. "झाला?"

"झालं."

"रंग तोच आसा मा रे?"

"तोच," मी म्हणालो.

त्यांनी दार उघडलं, पुढच्या डाव्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं. उजवी सीट रिकामी होती. मी बाहेर उभा राहिलो. गाडी सुरू होत नाही, अजूनही नाही. काकी दर रविवारी दुपारी अर्धा तास तिच्यात बसतात, मग उतरून चहा ठेवतात. अठरा झाकणं मी दोरीने बांधून माळ्यावर ठेवली आहेत. एकोणिसावं त्यांच्या पाण्याच्या तांब्यावर असतं.