भंगाराची जगफेरी

मेकॅनिकच्या टेबलावर सुटे नटबोल्ट साचतात ना, तसेच किस्से साचतात. कुठून आले ते आठवत न्हाई, अन् टाकून द्यायला हातही होत न्हाई. आता नवीन जालन्यात स्टेशनसमोर चहाला बसलो, की कोनीतरी म्हणतंच, "मिलिंद, तुमच्या त्या विमानाचं सांग की राव!" मंग चहा तसाच राहतो अन् माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

आधी ते विमान आलं कुठून, ते सांगतो. आमच्या शेठचा धंदा बियाण्याचा. त्यांच्या भावाची लोखंडाची भट्टी. एकदा परदेशातून आलेल्या भंगारात लढाऊ विमानाचा सांगाडा निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा, एका सीटचा. भाऊ म्हणले, भट्टीत टाका. शेठ आडवे आले. "ह्याला उडवायचं! अन् उडवायचं तर बराबर जगाच्या चक्करवर!"

जालन्याबाहेरच्या धावपट्टीजवळ शेड ठोकलं. इंजिनाला इक्बालभाई, जुन्या इंजिनांचा वेडा माणूस. पत्रा, रिबिटा अन् चाकं माझ्याकडं. त्यासाठी मी अंबडच्या एसटी डेपोतली कायम नोकरी सोडली. आमचे बाबा केदारखेड्याचे रिटायर गुरुजी. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला अन् म्हणले, "लोकं भंगार सोडून नोकरीला लागतेत. तू नोकरी सोडून भंगारात चालला!"

तेव्हापासून ते विमानाला भंगारच म्हणायचे. विमान तयार व्हायला कैक वर्षं गेली. माय कितीदा तरी डबा घेऊन शेडवर आल्ती. तिनं हिरवा रंग पाहून त्याचं नाव राघू ठेवलं. बाबा एकदाही आले न्हाईत. खरं सांगतो, मला जग पाहायचं काही अप्रूप नव्हतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, त्याला उडताना पाहावं, एवढंच मनात होतं.

*

उडवणार कोन? तर सरोज मॅडम. अंबडची लेक, हवाई दलात मालवाहू विमानं उडवून रिटायर झालेल्या. राघूला पाहिल्याबरोबर म्हणल्या, "आयुष्यभर ट्रक चालवला. आता मोटरसायकल द्या!"

पहिल्या उड्डाणाला शेठनं गुपचूप पंख्याच्या मधोमध लिंबू-मिरची बांधली. नवी गाडी निघाली की बांधतातच, त्यात काय! मॅडम आत बसल्या, वरची काच उघडीच. इंजिन सुरू झालं. लिंबू कुठं गेलं ते आजपर्यंत सापडलं न्हाई. मिरचीचा मात्र भुगा झाला अन् वाऱ्यासंगं थेट मॅडमच्या नाकात!

मी खाली रेडिओ घेऊन उभा. ऐतिहासिक क्षण! म्हणलं, "मॅडम, कसं वाटून राह्यलं?"

रेडिओतून आवाज आला, "आऽऽक छी! छी! छी!"

इक्बालभाईचं तोंड पांढरं पडलं. "या अल्ला! इंजन छींक रा क्या?"

*

मंग निघालो जगाच्या फेरीला. राघूला सीट एकच, ती मॅडमची. मी अन् इक्बालभाई मागून एका भाड्याच्या छोट्या विमानात, पान्या-पकडींच्या पेट्यांवर पाय ठेवून. सामानाला जागाच न्हाई. पण राघूच्या पंखात पूर्वी बंदुका होत्या, त्या काढून दोन रिकामे कप्पे राहिले होते. मायनं शेवटच्या दिवशी तिथं डबे कोंबले. एका पंखात धपाटे, दुसऱ्या पंखात ठेचा.

पहिल्याच परदेशी विमानतळावर बंदूकधारी शिपाई घेऊन साहेब आले. लढाऊ विमान म्हणल्यावर येणारच! म्हणले, "बंदुकीचा कप्पा उघडा."

उघडला. शिपाई दोन पावलं मागं सरले. आतून स्टीलचा डबा निघाला. साहेबांना वाटलं, ह्यात नक्की काहीतरी आहे. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवलं अन् चाटलं.

पाणी पिऊन झालं, डोळे पुसून झाले. बऱ्याच वेळानं साहेब म्हणले, "हे तुम्ही फॉर्मवर लिहायला पाहिजे होतं!"

*

शेठनं खर्चा केलेला, म्हणून राघूच्या शेपटीवर कापसाचं बोंड काढलेलं अन् खाली ठळक इंग्रजीत 'सीड्स'. आपल्याकडं कोनाला काय वाटणार? पण वाटेत एक बेटांचा देश लागला. तिथं बाहेरचं बी आत येऊ देत न्हाईत. बिलकुल न्हाई. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बिया आहेत?" मॅडम म्हणल्या, "एकसुद्धा न्हाई." साहेबांनी शेपटीकडं बोट दाखवलं.

संपला विषय! राघूची सगळी झाकणं उघडली. आमचे बूट काढले, मोजे झटकले, माझ्या बनियनपर्यंत मामला गेला. दुपार झाली. एक बी सापडलं न्हाई. शेवटी साहेब हसले, हात मिळवला, म्हणले, "माफ करा, त्रास दिला. जाऊ शकता."

इक्बालभाई एवढे खूश झाले, एवढे खूश झाले, की सवयीनं कनवटीची डबी काढली, उघडली अन् साहेबांपुढं अदबीनं धरली. "लेव साब, सौंफ!"

आम्ही दुसऱ्या दिवशी सुटलो. सौंफ न्हाई सुटली.

*

अलास्कात थंडी अशी, की पाना हाताला चिकटायचा. रात्रभरात इंजिनातलं तेल घट्ट व्हायचं. तिथली माणसं आपापल्या विमानांवर जाड, चकाचक कापडी खोळी चढवत होती. आमच्याकडं कुठली खोळ? मायनं मला पांघरायला दिलेली वाकळ होती, जुन्या लुगड्यांची, दाट टाक्यांची. इक्बालभाईनं ती इंजिनावर टाकली, वरून दोरी आवळली. "सो जा बेटा."

सकाळी बाकीच्यांचे हिटर चालू अन् आमचा राघू एका झटक्यात सुरू! एक गोरा मेकॅनिक धावत आला. वाकळ चोळून पाहिली, उलटून पाहिली. कुठल्या कंपनीची, म्हणून विचारलं. म्हणलं, माझ्या आईची. त्याला तशीच हवी होती.

मी मायला फोन लावला. ती म्हणली, "करून देईन की! पण त्याला म्हणावं, जुनी लुगडी त्यानं आणावी. मी फक्त शिवून देते."

मागून बाबांचा आवाज आला. ते फोन घ्यायचे न्हाईत, मागूनच बोलायचे. "भंगाराला वाकळ! पोराला पांघरायला काय राह्यलं मंग?"

माय म्हणली, "अवो, तो अलास्का देशात हाये."

"देश न्हाई तो, राज्य आहे! एवढं जग फिरून राह्यला, आईला एवढं सांगता येईना!"

मी म्हणलं, "माय, बाबांना दे ना फोन."

"ते गेले बाहेर," माय म्हणली. मला तर खोकला ऐकू येत होता.

*

परतीच्या दिवशी मी अन् इक्बालभाई आधीच जालन्याला उतरलो होतो. धावपट्टीवर मांडव, बँड, फेटे. शेठनं तर राघूच्या मापाची शाल शिवून घेतली होती! मॅडम शेवटच्या टप्प्याला निघायच्या आधी मी फोनवर भीत भीत म्हणलं, "मॅडम, केदारखेड्यावरून एक चक्कर मारता का? आमचे बाबा..." मॅडम म्हणल्या, "कळलं. परवानगीचं मी पाहते." अन् त्यांनी घेतली.

मी मायला कळवलं. मायनं गावाला कळवलं. सगळं गाव शाळेच्या मैदानावर जमलं, सरपंचांनी माईक लावला.

राघू जालन्यात उतरला. ठरल्या वेळेपेक्षा उशिरा! बँडवाले दमून खाली बसलेले. मॅडम काच उघडून आधी माझ्यावरच ओरडल्या. "मिलिंद, तुमच्या गावात माणसं आहेत का कोन? मैदानावर सगळं गाव, ते ठीक. पण एक म्हातारा एकटाच पाण्याच्या टाकीवर! पार टोकाला! अंगातला सदरा काढून असा हलवून राह्यला, मला वाटलं माझ्या विमानाला आग लागली. सगळे काटे तपासले, पुन्हा फिरून आले. तो हलवतोच आहे! तिसऱ्यांदा आले, तरी हलवतोच आहे! मंग मीच पंख हलवले अन् निघाले."

मी घाईघाईनं मायला फोन लावला. "बाबांनी पाहिलं का?"

माय म्हणली, "न्हाई रे लेकरा. मी लई म्हणलं, चला. म्हणले, डोकं दुखून राह्यलं. घरीच होते."

शेठनं राघूला शाल पांघरली, फोटो निघाले. मी फोटोपुरता हसलो. सगळ्या जगानं राघूला पाहिलं हो. अन् ज्यांच्यासाठी विमान वळवलं, ते घरात.

संध्याकाळी केदारखेड्याला गेलो. ओसरीवर बाबा खाटेवर पेपर वाचत बसलेले. गुडघ्याला हळद लावलेली. मी पाया पडलो. त्यांनी पेपर खाली केला न्हाई.

"तुमच्या मॅडमला सांग," पेपरामागून आवाज आला, "विमान टाकीच्या इतक्या जवळून न्यायचं नसतं. माणूस पडला असता."

मी म्हणलं, "कोन माणूस, बाबा?"

"कोनीबी असंल! हात धू अन् जेवून घे."