मारुतीसमोर थांबणारी घोडी

घोड्यावर धड बसता येत नाही म्हणून माणसाची नोकरी जाते, हे आज सांगितलं तर पोरं हसतील. हसा खुशाल! तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि नायब तहसीलदाराला गावोगाव घोड्यावरच फिरावं लागे. त्या स्वारीच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो तर थेट घरी. आणि आमच्या वडिलांनी "पोरगं तहसीलदार झालं" म्हणून मलकापूरपर्यंत सांगून ठेवलेलं!

घोडा ज्याचा त्याने आणायचा. धामणगाव बढ्याच्या माझ्या मामांनी आपली पांढरी घोडी दिली. गावातला प्रत्येक नवरदेव तिच्यावर बसून वेशीवरच्या मारुतीला जायचा. वाजंत्री वाजो की फटाके फुटोत, ही कान हलवायची नाही. म्हटलं, एवढं शांत जनावर शोधून सापडायचं नाही. अक्कल बघा माझी.

बुलडाण्याच्या पोलीस मैदानावर घोडदळाच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले एक जमादार मला शिकवत. दुडक्या चालीत इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, मध्यावर वळण बदलायचं आणि कुठेही थांबायचं नाही. पहिला गोल झकास व्हायचा. दुसऱ्या गोलाच्या टोकाला, मैदानाच्या कडेला, शेंदूर लावलेला मारुती होता. तिथे आली की घोडी चारही पाय रोवून उभी! लग्नात मारुतीपुढे नारळ फुटला की तिला खोबऱ्याचा तुकडा मिळायचा. तो मिळाल्याशिवाय हलायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं.

परीक्षेच्या आदल्या सकाळीही तेच. टाच मारून झाली, चुचकारून झालं. डोळ्यांपुढे वडिलांचा चेहरा दिसत होता. आता संपलं सगळं, असं वाटून मला रडू यायला लागलं.

"घाई नोका करू साहेब," जमादार म्हणाले. "तिचा काही कसूर नाही. जे शिकवलं थे करून राह्यली."

"मग उद्या परीक्षेत नारळ फोडू काय?" मी ओरडलो आणि चाबूक उचलला.

किती मारले, ठाऊक नाही. पहिल्या दोनतीन फटक्यांना ती उधळलीसुद्धा नाही. मान वळवून माझ्या हाताकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, खोबरं येतंय. मग मात्र ती कळवळून पुढे सुटली. ती थांबल्यावर जमादारांनी माझ्या हातातून चाबूक काढून घेतला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत त्याच मारुतीपाशी तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण ती थांबली नाही. आठ पुरा झाला. मी पास झालो.

घोडी परत करायला धामणगावला गेलो, तर माझ्या पास होण्याचा नारळ घेऊन मामा वेशीवरच्या मारुतीपाशी उभे. मी लगाम ओढला. घोडी थरथरली आणि मला घेऊन देवळापुढून पळत सुटली. मामांनी धावत येऊन तिला कसंबसं धरलं. तिच्या कुशीवरचे वळ अजून उतरले नव्हते. मामांनी त्यांवरून बोटं फिरवली.

"हिले मारलं काऊन बे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी तिथल्याच दगडावर नारळ फोडला आणि खोबरं तिच्यापुढे धरायला हात वर केला. तो हात बघून तिने डोळे मिटून घेतले.