मंगळवारची सिरीयल, बुधवारी दुपारी

नववीच्या वर्षी माझी सगळी पत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायची. गणितात मी काठावर, इंग्रजीत काठाच्या खाली आणि खो-खोत पहिल्या मिनिटाला बाद. पण आमच्या घरी बॅटरीवर चालणारा छोटा काळा-पांढरा टीव्ही होता. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, दर मंगळवारी संध्याकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओसरीवर आणून ठेवायचे. त्या वर्षी पारोळ्याकडच्या आमच्या सगळ्या गावांची लाईट नेमकी दिवेलागणीला जायची. ज्यांच्याकडे मोठे टीव्ही होते, त्यांच्या टीव्हीवर क्रोशाचा रुमाल तेवढा शोभून दिसायचा. मंगळवारची हिंदी सिरीयल पंचक्रोशीत फक्त आमच्या ओसरीवर लागायची आणि बुधवारी मधल्या सुट्टीत ती वर्गाला करून दाखवायची, हा माझा हक्क होता.

शाळा शेजारच्या मोठ्या गावात होती. आमच्या गावातून तिथे जाणाऱ्या आम्ही चौघी. सून अर्थातच मी, कारण बॅटरी माझ्या वडिलांची. चौघींत जी अंगानं भरलेली आणि आवाजानं खणखणीत, ती सासू. नवऱ्याचं काम मुलाला देणं शक्यच नव्हतं, कारण वर्गातला प्रत्येक मुलगा आमच्यापैकी कुणाचा तरी चुलत-मावस भाऊ लागायचा. म्हणून सगळ्यात उंच मुलीला नवरा केलं. त्याला काम फार नव्हतं. "माँ" म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. चौथीकडे उरलेलं सगळं: बाक बडवून सुरुवातीचं संगीत, मधल्या जाहिराती आणि व्यत्ययाची पाटी. टीव्हीवर मध्येच काही बिघडलं की 'व्यत्यय' अशी पाटी यायची ना, तशी आम्ही दगडी पाटीवर खडूनं लिहून ठेवली होती. कुणी वाक्य विसरलं की चौथी पाटी वर धरायची आणि वर्ग शांतपणे वाट बघायचा. खऱ्या टीव्हीची सवय असलेली माणसं होती ती.

आम्हाला हिंदी अर्धंमुर्धंच कळायचं. उरलेलं आम्ही आमच्या पदरचं घालायचो. सिरीयलमधली सासू जिन्यावरून रेशमी साडीत उतरायची आणि काहीतरी खानदानाबद्दल बोलायची. आमची सासू फळ्यापुढच्या ओट्यावरून उतरायची आणि वांग्याच्या भरतात मिरच्या जास्त पडल्या म्हणून ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी ताटासकट सरकवून द्यायची. मी पदराला डोळे पुसायचे. पदर म्हणजे माझी ओढणी. पहिल्या बाकावरच्या मुली खरोखर रडायच्या आणि मला त्याचा इतका आनंद व्हायचा की रडता रडता हसू दाबावं लागायचं.

आमच्या शाळेत एकच बाई होत्या, मराठी शिकवायच्या. त्याच वर्षी लग्न होऊन धुळ्याला आलेल्या, रोज एसटीनं अप-डाउन करायच्या. पहिल्या बुधवारी त्या डबा घेऊन वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता छडी. पण त्या आत आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि डबा उघडून म्हणाल्या, "चालू द्या." त्यानंतर एकही बुधवार त्यांनी चुकवला नाही. मला त्या फार आवडायच्या. त्यांना हसू आलं की त्या घास तसाच हातात धरून ठेवायच्या.

मग तो मंगळवार आला. नाना कापूस घेऊन अमळनेरच्या जिनिंगला गेले होते, तिथे गाड्यांची रांग लागली आणि ट्रॅक्टर मुक्कामाला राहिला. ट्रॅक्टरबरोबर बॅटरीही राहिली. ओसरीवर आम्ही चौघी आणि शेजारच्या अक्का मुक्या टीव्हीपुढे बसून राहिलो. मागच्या भागात सासूनं सुनेवर दागिने चोरल्याचा आळ घेतला होता आणि पुढे काय झालं हे चार गावांत कुणालाच कळणार नव्हतं.

बाकीच्या तिघी म्हणाल्या, खरं सांगून टाकू. मला ते पटलं नाही. एकदा का "आम्हाला माहीत नाही" असं म्हटलं, की मी पुन्हा काठावरची मुलगी होणार होते. शाळेच्या वाटेवर, कपाशीच्या शेतांमधून चालता चालता मी अख्खा भाग रचला आणि कुणाला न सांगण्याची तिघींना शपथ घातली.

तसा भाग आम्ही आधी कधी केला नव्हता. सासू आळ घेते, नवरा खिडकीबाहेर बघतो. एरवी सून रडली असती. मी रडले नाही. मी वर्गातल्या मुलांकडून मागून आणलेल्या चार सायकलींच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढला, सासूपुढे ठेवला आणि म्हणाले, "घ्या तुमचं घर. मोजून घ्या." मग कोपऱ्यातली विज्ञानपेटी उचलली. हिरवी पत्र्याची, आत परीक्षानळ्या. ती माझी ट्रंक. ओट्यावरून उतरून, दोन रांगांच्या मधून, परीक्षानळ्या खुळखुळ वाजवत मी थेट वर्गाबाहेर गेले, माहेरी. सासूला काय बोलावं सुचेना. चौथीनं घाईघाईनं पाटी वर धरली. वर्गानं बाक बडवून छप्पर डोक्यावर घेतलं आणि मी व्हरांड्यात पेटी कवटाळून एकटीच उड्या मारत होते.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला हाक मारली. त्या एसटीच्या थांब्यावर कडुनिंबाखाली उभ्या होत्या.

"काल धुळ्याला लाईट होती," त्या म्हणाल्या.

म्हणजे खरा भाग त्यांनी बघितला असणार.

"टीव्ही पुढच्या खोलीत असतो. त्या वेळेला मी पोळ्या करत असते. दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं." त्यांनी गाडी येते का ते बघितलं. "काल तिनं माफी मागितली. सासूचे पाय धरले असावेत, बांगड्या वाजल्या."

 आता उद्या वर्गापुढे उभं करतील, एवढंच डोक्यात होतं.

"तू तिला माहेरी घालवलंस कशाला?"

"तिला राग आला होता, बाई," मी म्हणाले. 

"हं," बाई म्हणाल्या. मग एकदम विचारलं, "ट्रंकेत काय काय घेतलं तिनं?"

एवढा विचार मी केलेला नव्हता, पण माझी जीभ कधी अडत नसे. दोन साड्या, एक पातेलं, तिची शाळेतली वही आणि वाटेत खायला शेव. शेव ऐकून बाई इतक्या हसल्या की थांब्यावरचे लोक बघायला लागले. गाडी आली तेव्हा त्या चढता चढता म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही." घरापर्यंत मी पळत गेले.

आठवडा मजेत गेला. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, माहेरी काय चाललंय तिचं. मी सांगायचे, झोपते दुपारपर्यंत, आई उठवत नाही. मुली नुसत्या ऐकूनच सुखावायच्या. पुढचा मंगळवार येईपर्यंत मी स्वतःही विसरले होते की हे मी रचलं आहे.

आणि त्या मंगळवारी लाईट गेलीच नाही. सगळी गावं देवाजवळ लाईट मागायची, मी एकटीच ओसरीवर बसून ती जावी म्हणून हात जोडत होते. पडद्यावर माझी सून त्याच घरात, त्याच चुलीपुढे पोळ्या लाटत होती, काही झालंच नाही अशी. घराघरांतल्या टीव्हींवरचे रुमाल निघाले होते. निम्म्या वर्गानं ते बघितलं असणार.

बुधवारी मधल्या सुट्टीत कुणी बाक बडवले नाहीत. पहिल्या बाकावरची, माझ्या अभिनयाला सगळ्यात जास्त रडणारी मुलगी उभी राहिली. तिची माझ्यावर खरी भक्ती होती, म्हणून तिचा राग जास्त.

"तुन्ही सून ते घरमाच शे," ती म्हणाली. "पोया करी रायनी. खोटं बोलनी तू आम्हले."

मागून आवाज सुरू झाले. चौथीनं सवयीनं व्यत्ययाची पाटी वर धरली, पण त्या दिवशी कुणी वाट बघायला तयार नव्हतं. सासू आणि नवरा दोघंही माझ्यापासून हळूच एक-एक पाऊल दूर सरकले.  मला वाटलं, आता पेटी उचलावी आणि खरंच निघून जावं.

शेवटच्या बाकावरून बाईंचा आवाज आला.

"अगं, आली असेल परत."

सगळे मागे वळले. बाई डब्याचं झाकण लावत होत्या, वर बघत नव्हत्या.

"रागानं माहेरी गेलेली बाई आठवड्यात परत येते. आई चार दिवस लाड करते आणि पाचव्या दिवशी म्हणते, जा आता. भाऊ गाडीत बसवून देतो. मग ती पदर खोचते आणि पोळ्या करते. त्यात दाखवण्यासारखं काय आहे? दाखवत बसत नाहीत ते."

 हे सगळ्यांना ताबडतोब पटलं, कारण प्रत्येकीच्या घरी कुणीतरी अशी परत आलेली होतीच. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "हाव, मन्ही काकूबी तशीच उनी," आणि खाली बसली. दोन मिनिटांत बाक बडवायला सुरुवात झाली, सासू ओट्यावर चढली आणि मी कमरेला ओढणी खोचून पोळ्या लाटायला घेतल्या. मी वाचले होते. इतकी वाचले होते की त्या दिवशीच्या पोळ्या मी नाचतच लाटल्या आणि वर्ग लोळून हसला. शेवटच्या बाकाकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही.

शाळा सुटल्यावर मीच थांब्यावर गेले. उपकार झाले होते, काहीतरी बोलायला हवं होतं. बाई निंबाखाली पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "ट्रंक आणली का गं तिनं परत?"

त्या हसत नव्हत्या. मग मीही नीट विचार केला.

"नाही, बाई. ट्रंक माहेरीच ठेवली. कुलूप लावून."

"आणि किल्ली?"

"तिच्याजवळच."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या आणि धुळ्याच्या गाडीत चढल्या.