आत लपलेले तीन ठिपके

तुम्ही आत्ता ज्या खुर्चीवर बसला आहात, तिचे पाय कुणी घडवले हे तुम्हाला माहीत आहे का?

नसेलच. मलाही नव्हतं, आणि मी तर पत्रकांच्या घरात वाढलेली. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी ते पत्रकं लिहायचे: हुंड्याविरुद्ध, कंत्राटी कामाविरुद्ध, तंबाखूविरुद्ध. मराठीत आणि कन्नडमध्ये, म्हणजे बंगळुरूत कुणालाही पळवाट नको. घड्या घालायचं काम माझं. पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह कळलं. आता मी इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना लिहिते. तिथे उद्गारचिन्ह चालत नाही, म्हणून शनिवार-रविवार मी कामगारांवर लिहिते.

तशीच मी बंगळुरूबाहेर होसकोट्याला एका निवृत्त कारागिरांकडे गेले. मूळचे निपाणीकडचे. एका फर्निचर कारखान्यात लेथवर त्यांनी आयुष्यभर खुर्च्यांचे पाय कातले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणू लागले.

"पायांचं काय लिहितीस?" अण्णा म्हणाले. "माझे पाइप बघितले असतेस तर बोलली असतीस."

"आलं पुराण!" आतून अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला. "लग्न झाल्यापासून ऐकतीय. एक दाखवला असेल तर शपथ."

अण्णांनी सांगितलं ते असं. पाळी संपली की मालकाच्या परवानगीनं ते लेथवर थांबायचे आणि ओढायचे पाइप करायचे. कॉफीच्या मळ्यातून आलेले जुने बुंधे, त्यांचं घट्ट लाकूड. त्याला काळ्या कडक रबराची नळी. शहरातला एक दुकानदार ते घ्यायचा आणि वर आपला विलायती वाटणारा ठसा मारायचा. ते दुकानही आता उरलेलं नाही.

"आणि तुमची खूण?"

"हाय की. नळीचं जे टोक लाकडात शिरतं, त्याच्यावर तीन ठिपके. बाहेर त्याचा ठसा, आत माझे ठिपके."

"मग एखादा घरी का नाही ठेवलात?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "तंबाखूचं काहीही उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा हिचाच कायदा. मी स्वतः कधी ओढली नाही गं, वासानं शिंका येतात मला. पण कायदा तो कायदा. आता दाखवू कुठला? एकदा हिनं बघायला पाहिजे होता, बस्स. मग काय म्हणायचं ते म्हणू दे."

मी तिथेच ठरवलं, अक्कांसमोर पाइप ठेवायचा.

घरी बाबा भडकले. "तंबाखूच्या भांड्यांचं कौतुक लिहिणार तू? माझी मुलगी?"

"तंबाखूचं नाही, बाबा. त्यांच्या कामावर दुसऱ्याचं नाव आहे. हे तुमच्याच पत्रकातलं वाक्य आहे."

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मग पान न उलटताच म्हणाले, "जे. पी. नगरच्या काकांकडे एक आहे. तू सांगतेस त्याच दुकानातला."

हे काका बाबांचे कारखान्यातले जुने सहकारी. मी गेले तेव्हा बाल्कनीत पाइप ओढत होते.

"तुझ्या बापानं या पाइपवर दोन पत्रकं लिहिली," ते म्हणाले. "दोन्ही मी पाइप पेटवायलाच वापरली. छान पेटतात."

त्यांनी पाइप झटकून माझ्या हातात दिला. मला दम कुठे होता? मी नळी धरली आणि खेचली.

कट्.

नळी माझ्या हातात आणि टोक लाकडाच्या आत अडकलेलं. ठिपके असलेच तर तेही आत.

"अगं, गरम पाइप कधी उपसतात का? हे कुणालाही माहीत असतं!"

आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. तंबाखूनं फुप्फुसाचं काय होतं हे मी झोपेत सांगितलं असतं, पण पाइप निवू द्यायचा असतो हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

"दुरुस्त करून आण," काका म्हणाले, "नाहीतर तुझ्या बापाला कळव, तू जिंकलास म्हणून."

दोन्ही तुकडे रुमालात बांधून मी होसकोट्याला गेले. अण्णांनी लाकडावरून अंगठा फिरवला. मग उठून फ्रिजकडे निघाले. गारठलं की अडकलेलं टोक आकसतं आणि सुटतं, म्हणे.

अक्का आडव्या आल्या. "तंबाखूचं भांडं माझ्या फ्रिजमध्ये?"

"तुला बघायचंय ना?"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं. "स्टीलच्या डब्यात घाला," त्या म्हणाल्या. "झाकण लावून."

डबा मटारच्या पिशवीशेजारी गेला. आम्ही चहा घेतला, पुन्हा घेतला. मी घाई केली की अण्णा कन्नड वळणानं म्हणायचे, "स्वल्प थांब. थांबली नाहीस म्हणून तर मोडलं." शेवटी त्यांनी डबा काढला, एक स्क्रू त्या टोकाच्या भोकात हलकेच फिरवला आणि पक्कडीनं सरळ ओढलं. टोक बाहेर आलं. अण्णांनी ते न बघताच अक्कांच्या तळहातावर ठेवलं.

अक्का खिडकीशी गेल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"तीन आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग, "कशानं केलेत हे?"

"तापवलेल्या सुईनं."

"कुणाच्या?"

अण्णा छताकडे बघू लागले.

"माझ्या शिवणाच्या डब्यातल्या सुया!" अक्का ओरडल्या. "आणि मी इतकी वर्षं शेजारणीवर संशय घेतला!"

अण्णांना हसता हसता ठसका लागला. अक्काही हसल्या, पण टोक त्यांनी मुठीतून सोडलं नाही.

काकांच्या पाइपला अण्णांनी नवी नळी बसवून दिली, तिच्यावरही तीन ठिपके. बाबा जिंकले नाहीत. मी अण्णांना विचारलं, आता तुमचं नाव छापू का? अण्णा काही बोलायच्या आत अक्कांनी निकाल दिला: "एकच सापडलाय. सुया तर पुष्कळ गेल्यात. दुसरा येऊ दे, मग छाप."

म्हणून इथे नाव नाही. आणि म्हणूनच तुम्हाला विनंती आहे. तुमच्या घरात, कपाटाच्या तळाशी, आजोबांच्या चष्म्याच्या जुन्या घरात एखादा बंगळुरूचा पाइप पडून असेल, तर तो शोधा. ओढू नका. ओढलाच असेल, तर पूर्ण निवू द्या. मग नळी हळूच फिरवत बाहेर काढा आणि टोक उजेडात धरा. तीन ठिपके दिसले, तर त्यांचा फोटो काढून या पुस्तकाच्या प्रकाशकांकडे पाठवा. होसकोट्याला अक्का चष्मा पुसून बसल्या आहेत.