न्हाणीतला दात

आमच्या न्हाणीत टाचा घासायला जो दगड होता, तसा अख्ख्या झरी जामणी तालुक्यात कुणाकडे नाही, असं माझी माय गावभर सांगायची. खोटं नव्हतं ते. घर बांधताना बाबांनी पैनगंगेवरून बैलबंडीनं रेती आणली, त्या रेतीत तो आला. विटेपेक्षा मोठा, नको तेवढा जड, आणि एका अंगाला नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारख्या आडव्या धारी. बाबा तो फेकून देणार होते. मायनं सहज त्यावर टाच घासून पाहिली आणि वज्री म्हणून ठेवून घेतला.

पुढे चाळीस वर्षं आम्ही त्यावर टाचा घासल्या, विळ्यांना धार लावली. गावात लग्न निघालं की हळदीच्या आदल्या दिवशी बायका तो मागायला यायच्या. नवरीच्या टाचा आमच्याच वज्रीनं घासायच्या, असा रिवाजच पडून गेला. माय काही सुखासुखी देत नसे. "जपून न्या वं बायांनो, पाडसान," असं दहादा बजावायची आणि संध्याकाळी स्वतः जाऊन घेऊन यायची.

माझ्या लग्नात माझ्या टाचा तिनंच घासल्या. चार वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या. बहिणीला फार गुदगुल्या व्हायच्या. ती पाय ओढून घ्यायची, माय तिच्या पोटरीवर चापट मारायची, पाणी सगळ्या न्हाणीभर उडायचं. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच पहिल्या बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव निघत नाही.

मी पांढरकवड्याला शाळेत विज्ञान शिकवते. शिकवणाऱ्यांना एक खोड असते, कळलेलं पोटात राहत नाही. दोन वर्षांपूर्वी नदीकाठी जुन्या जनावरांची दगड झालेली हाडं शोधत फिरणारे एक प्राध्यापक आमच्या शाळेत मुलांशी बोलायला आले. त्यांनी पिशवीतून एक दात काढून टेबलावर ठेवला. तशाच आडव्या धारी, तोच रंग. मी पोरांसमोरच ओरडले, "अहो, ही तर आमची वज्री!"

रविवारी ते आमच्या गावी आले. ओसरीत बसून त्यांनी वज्री उलटीपालटी करून पाहिली. हत्तीची दाढ आहे म्हणाले, पण आजच्या हत्तीची नाही. ही जातच आता पृथ्वीवर उरलेली नाही. हजारो वर्षांपूर्वी पैनगंगेच्या काठी हे हत्ती चरत, पाण्यात पाणघोडे डुंबत.

"मग उरलं कोण?" मी विचारलं.

"रोही उरली. नीलगाय."

मला हसू आलं. आमची तूर खायला कुणीतरी उरायलाच हवं होतं.

"आणि तीच का उरली?"

"थंडी, दुष्काळ, शिकार, कारणं बरीच सांगतात," ते म्हणाले. "खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही."

मग त्यांनी धारींवरून बोट फिरवलं. धारी पार सपाट झाल्यात, म्हणजे जनावर म्हातारं असावं. दाढ किती झिजली त्यावरून वय कळतं. आता मात्र मला मान खाली घालावी लागली. टाचांचं, विळ्यांचं, गावातल्या नवरीमुलींचं सगळं मी सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग नाही सांगता येणार," ते म्हणाले.

त्या जनावराचं वय आम्ही घासून टाकलं होतं.

तेवढ्यात माय चहा घेऊन आली. आणि मी, दीडशहाणी, मोठ्यानं म्हणाले, "माय, तुही वज्री हत्तीचा दात होये वं!"

मला वाटलं ती हसेल. तिनं कपबशा खाली ठेवल्या.

"हत्तीचा? म्हंजे गनपतीचा?"

प्राध्यापक समजावू लागले. ती ऐकतच नव्हती. दाताकडे बघत तिचे ओठ हलत होते. देवाचं काही म्हणत असेल असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं, ती नवऱ्या मोजत होती.

त्या दिवशी वज्री न्हाणीतून उठली. मायनं ती दुधानं धुतली आणि तांबड्या फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवली. पायाची झालेली वस्तू देव्हाऱ्यात ठेवायची तिची हिंमत झाली नाही. मग ती गावात फिरली. वज्री नेलेल्या एकेका नवरीची चौकशी केली. एक विधवा झाली, एकीला मूल नाही, एक माहेरी परत आली. ज्यांचे संसार नीट चालले होते त्यांची नावं ती घेतच नसे. टाचा घासणं तिनं सोडलंच. मी बाजारातून आणलेली वज्री खिडकीत तशीच पडून राहिली. हिवाळ्यात तिच्या टाचा फुटून रक्त यायचं, ती चवड्यांवर चालायची. दात अभ्यासाला न्यायचा म्हणून प्राध्यापकांचे फोन येत, ते मी उचलत नसे. ते चवड्यांवरचं चालणं मला झोपेतही दिसायचं. एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटून स्वतःचा संताप यायचा.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ती अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून एकदम म्हणाली, "तिच्या टाचा म्या देवाच्या दातानं घासल्या. म्हनून गेली ते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बहिणीबद्दल बोलली होती. मी धीर द्यायला हवा होता. मी चिडले.

"माय, माह्या टाचा बी तूनं त्याच दातानं घासल्या. मले काय झालं? मी हाव न जित्ती!"

वर्गात फळ्यावर गणित सुटल्यावर मी खडू ठेवते, तसं ते वाक्य मी तिच्यापुढे ठेवलं.

"तेच त मले समजत नाई," ती म्हणाली. "तू काहून राह्यली?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि दोघींत शिकलेली मी होते. कोणती जात का संपली नि कोणती का टिकली, हे मी दरवर्षी मुलांना लिहून देते. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही.

मग तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला. माझीही टाच फुटली होती. तिनं भेगेवर अंगठा ठेवला.

"दुखते का वं?"

"दुखते," मी म्हणाले.