बाई मातीखाली असताना

अहमदपूरच्या बाजारात अजून कोणी ना कोणी भेटतं आणि विचारतं, "बाई मातीखाली असताना सौदा करत बसलेला तो तूच ना?" मी चिडतो. वय झालं तरी चिडतो. सौदा केला, हे खरं आहे. पण तो कशाचा आणि कुणाशी, हे कोणी विचारत नाही.

मी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीकडचा. विहिरी खोदणाऱ्यांत पहार घेऊन उतरलो, आणि पुढं स्वतःची यारी केली. यारी म्हणजे विहिरीतला दगडगोटा वर ओढणारं इंजिन आणि त्याचा लोखंडी सांगाडा. त्या साली दुष्काळ होता. ज्याला त्याला आपली विहीर आणखी खोल हवी होती. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्यात नवी कामं निघतील असा हिशेब करून मी नांदेडची हद्द ओलांडली आणि अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात विहिरीचं काम धरलं.

गावाच्या मधोमध पाटलांची गढी होती. वाडा कधीच पडलेला, मातीचा उंच ढिगारा उरलेला. त्या ढिगाऱ्याच्या काठावर खंडोबाचा दगडी कट्टा. आमच्या घरांनी धम्माची दीक्षा घेऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, तरी गावचे लोक मला गढीच्या वाटेनं वर जाऊ देत नसत. तोंडावर कोणी बोलत नसे. "मिस्त्री, तिकडून जा, वाट चांगली हाय," एवढंच म्हणत. मला कळायचं. मी तिकडून जायचो आणि दिवसभर माझ्या माणसांवर खेकसायचो.

आमच्याकडं घरांवर मातीचं सपाट माळवद असतं. पावसाच्या तोंडी त्यावर पांढरी माती पसरावीच लागते, नाहीतर घर गळतं. पाऊस येईल की नाही याचा भरवसा नसला तरी बाया माती आणतातच. ही माती गढीची चांगली. वरची उन्हानं भुसभुशीत झालेली असते म्हणून बाया पायथ्याला पोखरत आत जातात. वर्षानुवर्षं पोखरून तिथं खोलीएवढी पोकळी झाली होती. तिच्या डोक्यावर नेमका कट्टा.

त्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आधी दणका आला, मग बायांचा आरडाओरडा. पळत गेलो तर पोकळीचं तोंड बुजलेलं. एक सून आत राहिली होती. बाहेर तिची सासू रिकामी पाटी उराशी धरून उभी. नवरा अहमदपूरच्या रस्त्यावर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होता. कोतवाल आणि पोलीस पाटील एकमेकांवर ओरडत होते. एक म्हणे उस्मानाबादला कळवायचं, दुसरा म्हणे आता आपला जिल्हा लातूर. गावातले तरणेबांड गडी फावडी घेऊन पायथ्याची माती उपसत होते, आणि ते जेवढी काढत तेवढीच वरून घरंगळत होती. उरलेला गाव वर, गढीच्या काठावर, वाकून बघत उभा.

मी वर पाहिलं. कट्ट्याच्या मागून जमिनीला फट गेली होती. हात जाईल एवढी.

"खालचे बाहेर या! वरचे मागं सरा!" मी ओरडलो. कोणी हलेना. मी एकाचं फावडं हिसकून फेकलं.

"तू कोण रं सांगणारा?" तो म्हणाला.

"विहिरीत उतरणारा. कट्टा खाली आला तर तिच्याबरोबर तूबी आत जाशील."

तेवढ्यानं ते बाहेर आले. मी पहार मातीत खुपसली, तिच्या टोकाला कान लावला आणि सगळ्यांना गप केलं. बराच वेळ काही नाही. मग आतून कोणीतरी काहीतरी ठोकलं. मंद, पण ठोकलं.

सासूनं पाटी खाली ठेवली. "जित्ती हाय माय," एवढंच म्हणाली.

करायचं काय ते मला दिसत होतं. आधी कट्ट्याचं ओझं उतरवायचं, मग फटीपुढचा काठ वरून तासून माती बाजूला टाकायची, आणि त्यानंतरच तोंड उघडायचं. विहिरीचा काठ फुटला तर आम्ही हेच करतो. मी माझ्या माणसांना घेऊन वर निघालो तर गढीचे पाटील आडवे आले. म्हातारे, पांढरं धोतर, हातात काठी.

"दुसऱ्या बाजूनं खण."

"दुसऱ्या बाजूनं संध्याकाळ होईल, पाटील."

"मग कट्ट्याला धक्का न लावता खण."

"कट्टाच तर खाली येऊन राहिला!"

"बरं. मागचे दगड काढ. देवाचं ठाणं ऱ्हाऊ दे."

म्हणजे अर्ध्यावर आले. मी आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस. समोरचा अर्ध्यावर आला की आणखी येतो, हे मला माहीत होतं. पण इथं वेळ माझ्या बाजूनं नव्हता. मी काही बोलायच्या आत खालून सासू कडाडली, "ओ पाटील! देव हाय ना त्यो? मग जरा बाजूला सरंल की! माझ्या सुनंला सरता येईना म्हनून तर तिथं हाय!"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप झालं. पाटील म्हणाले, "ठीक हाय. पर दगड आमची माणसं उचलतील. तुझ्या माणसांनी हात लावायचा न्हाई."

माझा पोरगेला सुरुंगवाला पुढं झाला. मी त्याला मागं ओढलं. मला राग आला नाही असं नाही. पण दगड कोणी का उचलेना, उचलला जाणं महत्त्वाचं. मी म्हणालो, "कबूल. पण माझीबी एक अट. उद्या पाऊस न्हाई आला, ढोर मेलं, कुणाला ताप आला, तर माझ्या माणसांच्या नावानं कोणी बोट दाखवायचं न्हाई. खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्या."

माझा भंडाऱ्यावर विश्वास नव्हता. त्यांचा होता, मला तेवढं पुरे होतं. हाच तो सौदा. एका विडीएवढाही वेळ लागला नाही. तो केला नसता तर काठ तासत असताना मध्येच कोणीतरी आमच्या कुदळी धरल्या असत्या. अशा धरलेल्या मी पाहिल्या आहेत.

पाटलांनी कट्ट्यावरचा भंडारा उचलला. पंचांनीही उचलला. मग दगड हलले. आम्ही कमरेला दोर बांधून काठ तासला आणि यारीच्या लोखंडी डोलातून माती लांब ओतली. गावातून झोपायच्या बाजा आणि दाराच्या फळ्या मागवल्या, टेकू दिले आणि पोकळीचं तोंड हातानं उकरत गेलो. आधी बांगडी दिसली, मग मनगट. ती मागच्या भिंतीला चिकटून बसली होती, पाय ढेकळाखाली. दोघं तिला ओढायला धावले. मी एकाच्या पाठीत दांडा घातला. ओढली असती तर वरची माती परत आली असती. पायाभोवतीची माती वाडग्यानं काढली, तेव्हा ती मोकळी झाली.

तालुक्याची जीप आली तेव्हा ती बाजेवर पडून पाणी पीत होती.

मग पाऊस आला नाही. एक नक्षत्र गेलं, दुसरं गेलं. गावात बोलणं सुरू झालं. "खंडोबाचं ठाणं मोडलं. त्यानंच मोडलं. त्यांना काय, त्यांना देव न्हाई." ज्या दगडांना मी बोटसुद्धा लावलं नव्हतं, ते मी फेकून दिले असं ठरलं. विहिरीचं काम माझ्याकडून काढलं.

मी चावडीवर गेलो. "भंडारा कुणी उचलला होता?" मी विचारलं. पंच पाटलांकडं बघू लागले.

पाटील म्हणाले, "बाई मरून राहिली होती आन् तू अडवून सौदा केलास. असल्या सौद्याला कुठं शपथ असती?"

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. चावडीची पायरी उतरलो तेव्हा डोकं तडतडत होतं. गावाबाहेर यारीचे नट सोडायला घेतले, तर ती आली. काठी टेकत, लंगडत, सासू सोबत. हातात भाकरीचं गठुडं.

"दादा," ती म्हणाली, "तुमचं आन् पाटलाचं भांडन मला आत आईकू येत व्हतं. शब्द न्हाई, नुसता आवाज. लोक हायत, एवढं कळत व्हतं. त्याच्या आदी तुमी समद्यांना गप केलं ना, तवा मी लई भ्याले. वाटलं, गेले सगळे. म्हनून ठोकलं."

मी नट सोडायचा थांबलो. "चल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता चल. त्या भांडणानं तुला धीर आला, हेच चावडीवर बोल."

तिनं सासूकडं पाहिलं. सासूनं, जिनं पाटलांना भर गावात सुनावलं होतं तिनं, मान खाली घातली.

"मला हितंच नांदायचं हाय, दादा."

मी गठुडं घेतलं, त्या दोघी गेल्या. भाकरी माझ्या माणसांनी खाल्ली, मला गेली नाही.

तेव्हापासून बाजारात कोणी छेडलं की मी भांडतो. भंडाऱ्याचं सांगतो, दगडांचं सांगतो, पाटलांचं सांगतो. साक्षीदार आहे का, असं विचारलं की मात्र नाही म्हणतो आणि हरून घरी येतो. इथंही गावाचं नाव घातलेलं नाही. ती अजून तिथंच नांदते.